तोडीच्या तारखा आणि गावची हवा

दिवाळी उलटते, कारखान्यांचे बॉयलर पेटतात, थंडी धरू लागते आणि नीरा, कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या खोऱ्यांतल्या गावांवर संध्याकाळचा धूर आडवा पसरू लागतो. नारळाच्या शेंड्याइतक्या उंचीला तो अडतो आणि तिथेच रेंगाळतो. फलटण असो, अकलूज असो, कराड किंवा शिरोळ असो, सकाळी दोरीवरच्या कपड्यांवर काजळीचे लांबट तुकडे सापडतात. बोट लावले की त्यांची पूड होते. हे तुकडे डोळ्यांना दिसतात म्हणून त्यांच्याबद्दल तक्रार तरी होते. फुप्फुसात खोल उतरणारे कण त्याहून कितीतरी बारीक असतात, अडीच मायक्रॉनच्या आतले, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्शाचे. त्यांची मोजदाद या गावांत जवळजवळ होतच नाही. हवेचे प्रदूषण म्हटले की आपल्याला दिल्ली आठवते, मुंबई आठवते, फार तर पुणे. शेतीच्या गावची हवा चांगलीच असणार, हे आपण धरून चाललो आहोत. मला मांडायचे आहे ते असे: अशा गावाची हवा ठरावीक महिन्यांत आणि त्या महिन्यांतही ठरावीक तासांत बिघडते, ते वेळापत्रक बऱ्याच अंशी ऊसतोडीच्या कार्यक्रमाने ठरते, आणि तो कार्यक्रम ज्यांच्या हातात आहे त्यांना जबाबदारीत घेतल्याशिवाय कोणताही दंड इथे लागू पडणार नाही.

आधी मोजणीचे पाहू. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. त्यात देशातली सुमारे १३० शहरे आहेत आणि महाराष्ट्रातली १९. कोल्हापूर, सांगली, सोलापूर ही ऊसपट्ट्यातली मोठी शहरे त्यात आली, पण ज्यांच्या शिवारात ऊस उभा आहे ती तालुक्याची गावे बाहेरच राहिली. जिथे हाताने नमुने घेणारी जुनी केंद्रे आहेत, तिथेही नियमाप्रमाणे आठवड्यातून दोन दिवस, म्हणजे वर्षाला १०४ दिवस मोजणी होते. मोजलेला आकडा तपासायचा तो २००९ च्या राष्ट्रीय मानकांशी: या बारीक कणांसाठी (पीएम २.५) २४ तासांची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, वार्षिक सरासरी ४०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हेच आकडे १५ आणि ५ वर आणले. मानक कोणते धरायचे हा वाद महत्त्वाचा आहेच, पण छोट्या गावाच्या बाबतीत त्याआधीची अडचण सरासरीत आहे. समजा, दिवसाचे २० तास हवेत ४० मायक्रोग्रॅम कण आहेत आणि संध्याकाळचे ४ तास १६०. चोवीस तासांची सरासरी निघते बरोबर ६०. कागदावर दिवस मानकात बसला, हवेच्या गुणवत्ता निर्देशांकात तो ‘समाधानकारक’ ठरला. आणि जनावरांची धार काढणारी बाई, बाजारातून सायकलवर घरी निघालेला माणूस, अंगणात खेळणारी मुले त्या ४ तासांत मानकाच्या जवळपास तिप्पट हवा छातीत घेऊन झोपली. हे उदाहरण हिशेबापुरते घेतलेले आहे. पण सरासरी काय झाकू शकते हे त्यातून कळते.

हंगामाचा भाग समजून घ्यायला फार यंत्रे लागत नाहीत. जून ते सप्टेंबर पाऊस हवा धुऊन काढतो. मोसमी वारे परतले की आकाश निरभ्र होते, आणि दख्खनच्या पठारावर निरभ्र आकाश म्हणजे सूर्य मावळताच झपाट्याने निवणारी जमीन. जमिनीला टेकलेली हवा गार आणि जड होते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. नदीच्या खोऱ्यात गार हवा उतारावरून खाली येऊन साचते, भिजवलेल्या रानांमुळे पहाटे धुके धरते आणि धूर त्या धुक्यात मिसळतो. दुपारी हीच हवा किलोमीटरभर किंवा त्याहून उंच ढवळली जाते. रात्री ती शे-दोनशे मीटरांत कोंडलेली असते. म्हणून दुपारी दोनला पेटवलेले एक एकर पाचट (तोडणीनंतर रानात उरणारा उसाचा वाळका पाला) आणि संध्याकाळी सातला पेटवलेले एक एकर पाचट या गावाच्या दृष्टीने दोन वेगळ्या घटना आहेत. जळणारा माल तेवढाच, पण तो सामावून घेणारी जागा कितीतरी आकसलेली. मार्चपासून उलट होते. तेव्हा धूळ उडते, बांध पेटतात, घाटाखाली कोकणात आणि मावळात राब भाजले जातात, पण तापलेली हवा उंच ढवळत असल्याने धूर विरून जातो. खरा त्रास नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा, आणि गाळपाचा जोरही नेमका तेव्हाच.

त्या महिन्यांतला एक दिवस तासांनुसार उलगडून पाहिला तर धुराचे धनी कळतात. पहाटे पाचला बंब पेटतात. गॅस घरात आला तरी आंघोळीच्या पाण्याचा बंब अनेक घरांत अंगणातच राहिला, आणि त्यात तुऱ्हाटी, चिपाडे, लाकडाच्या ढलप्या, खोके, कधी प्लॅस्टिकच्या पिशव्यासुद्धा जातात. चुलीचा धूर त्यात मिळतो. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, सिलिंडर पोचला; पण भाकरी आणि पाणी तापवणे बऱ्याच ठिकाणी चुलीवरच राहिले, कारण तिथले जळण शेतातून विकत न घेता मिळते. दिवस वर आला की दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर, खडी उखडलेले रस्ते, रस्त्यावर सांडलेले पाचट आणि त्यावरून उठणारी धूळ. नदीकाठच्या वीटभट्ट्या आणि गुऱ्हाळांची चुलवणे दिवसरात्र चालू. वाळलेल्या चिपाडावर चालणारे गुऱ्हाळ तुलनेने सुसह्य असते. जळण ओले असले की काळा लोट निघतो आणि जिथे टायर किंवा प्लॅस्टिकचा भंगार माल चुलवणात जातो तिथे प्रकरण धुराच्या पलीकडे, विषारी वायूंपर्यंत जाते. तो सरळ गुन्हा आहे आणि त्याला शेतीची सबब चालू नये. नगरपंचायतीचा कचरा डेपो धुमसतो, तेही घनकचरा नियमांनी मना केलेले आहे. याखेरीज खतांतून आणि शेणामुतातून उठणारा अमोनिया इंधनाच्या वायूंशी मिळून हवेतच नवे बारीक कण तयार करतो, आणि काही धूर वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटरवरूनही येतो. म्हणजे गावाने सगळे आटोक्यात आणले तरी हवा पावसाळ्यासारखी होणार नाही. पण संध्याकाळी एकाएकी चढणारा धूर मुख्यतः गावच्याच शिवारातला असतो, आणि त्यात पाचटाचा वाटा मोठा.

पाचटाचा हिशेब ढोबळपणे असा मांडता येतो. दिवसाला ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्याला हेक्टरी ८० टनांच्या उताऱ्याने रोज सुमारे ६० हेक्टर, म्हणजे दीडशे एकर ऊस तोडावा लागतो. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. म्हणजे एकाच कारखान्याच्या कार्यक्षेत्रात रोज पाचशे टनांच्या घरात. त्यातले निम्मे पेटवले जाते असे धरले आणि पिकांच्या अवशेषांच्या किलोमागे ३ ते ६ ग्रॅम बारीक कण निघतात हा संशोधनातला पल्ला घेतला, तर रोज पाऊण ते दीड टन कण जमिनीच्या पातळीवरून, चिमणीशिवाय, बहुतेक वेळा संध्याकाळी हवेत जातात. एका तालुक्याभोवती दोन-तीन कारखाने असणे ऊसपट्ट्यात नवलाचे नाही. पंजाबशी तुलना केली की आपल्या प्रश्नाचे वेगळेपण कळते. तिथे २००९ च्या भूजल कायद्याने भाताची लावणी पुढे सरकली, कापणी आणि गव्हाची पेरणी यांच्यात जेमतेम दोन-तीन आठवडे उरले आणि लाखो एकर एकदम पेटू लागले. ते उपग्रहाला दिसते, दिल्लीला झोंबते, बातमी होते. आपल्याकडे तोडणी चार-पाच महिने चालते, म्हणून धूरही हप्त्याहप्त्याने निघतो. आज या गटात वीस एकर, उद्या त्या गटात तीस. एकही दिवस बातमीचा नसतो, आणि १२० ते १५० दिवस गाव त्यात राहते.

उपग्रहांच्या नोंदी पाहून कुणी म्हणेल की महाराष्ट्रात आगी कमीच दिसतात. त्या नोंदी कशा होतात हे ध्यानात घ्यावे लागेल. आगी टिपणाऱ्या सर्वांत बारीक नेहमीच्या उपकरणाचा ठिपका ३७५ मीटरांचा, म्हणजे सुमारे १४ हेक्टरांचा असतो. छोटी पण प्रखर आग त्यातही ओळखता येते, परंतु ती उपग्रह डोक्यावर असताना पेटलेली असली पाहिजे, आणि ही उपकरणे दुपारी व रात्री दीडच्या सुमारास जातात. एकरभर पाचट वाळलेले असेल तर अर्ध्या तासात राख होते. वारा पडल्यावर, शेजारच्या उभ्या उसाला झळ लागू नये म्हणून दिवेलागणीला लावलेली आग या दोन फेऱ्यांच्या मधे पेटते आणि विझूनही जाते. नोंद नाही म्हणून आग नाही, असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही.

पहिला आणि मनापासूनचा आक्षेप शेतकऱ्याच्या बाजूने येतो. गाड्या शहरांच्या, कारखानदारी शहरांची, आणि धुराचे खापर दोन एकरवाल्याच्या डोक्यावर का? या प्रश्नामागचा राग मला रास्त वाटतो. शहराच्या हवेसाठी खेड्याला दंड ही भूमिका मान्य करण्याचे कारण नाही. पण इथे मुद्दा शहराच्या हवेचा नाहीच. आरोग्य परिणामांवरच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने २०१८ मध्ये दाखवले की भारतात हवेतल्या बारीक कणांमुळे होणाऱ्या अकाली मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश ग्रामीण भागातले आहेत, आणि बाहेरच्या हवेतल्या कणांचा सर्वांत मोठा एकेरी स्रोत घरगुती जळण आहे. म्हणजे धूर करणारा आणि धूर सोसणारा बहुतेक वेळा एकाच वाडीतला असतो. पाचटाचा धूर आधी शेतकऱ्याच्याच घरात शिरतो. हा विषय शेतकऱ्यावरच्या आरोपाचा न करता त्याच्या घरच्या म्हाताऱ्यांच्या दम्याचा केला, तर बोलणे पुढे सरकेल.

दुसरा आक्षेप शेतीतला आहे आणि तो जास्त वजनदार आहे. पाचट जाळले की खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून येणारे पुढचे पीक, एकसारखा फुटतो, उंदीर, किडी मरतात, राखेचे खत होते, असे पिढीजात सांगितले जाते. राखेची गोष्ट अर्धी खरी आहे: पालाश आणि काही स्फुरद राखेत उरते. पण नत्र आणि सेंद्रिय कर्ब जवळपास सगळा हवेत जातो, आणि ऊसपट्ट्यातल्या जमिनींना आज सर्वांत जास्त उणीव आहे ती कर्बाचीच. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून याच मातीत काम करते आहे, आणि तिथली तसेच मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटची शिफारस वर्षानुवर्षे तीच आहे: पाचट ठेवा. हेक्टरी पाचटातून साधारण ४० ते ५० किलो नत्र, २० ते ३० किलो स्फुरद आणि ७५ ते १०० किलो पालाश जमिनीला मिळू शकते. पद्धतही तपशिलात सांगितलेली आहे. बुडख्यांवरचे पाचट ओढून सरीत घ्यायचे, बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटायचे, हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यायचे. पुढची खते पहारीने: बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर, तेवढ्याच खोलीचे भोक पाडून, त्यात खत टाकून माती दाबायची. ओल टिकते, तण दबते, पाण्याच्या पाळ्या वाचतात. छाटलेल्या बुडख्याचा कोंब जमिनीखालच्या डोळ्यांतून जोमाने येतो, त्यामुळे एकसारख्या फुटव्यासाठी आगीची गरज उरत नाही.

मग तरी लोक जाळतात का? अज्ञान हे उत्तर मला पटत नाही. पहार घेऊन एकरभर रानात हजारो भोके पाडणे म्हणजे मजूर, आणि मजूर मिळत नाही. पाटपाण्याच्या रानात पाचट सरी तुंबवते, पाणी शेवटापर्यंत सरकत नाही आणि आवर्तनाची पाळी संपून जाते. पाचट ठेवलेल्या शेताला शेजारच्या आगीची ठिणगी लागली तर कोवळ्या फुटव्यासकट खोडवा जातो, म्हणजे एकाने जाळायचे सोडले तरी शेजाऱ्याने सोडेपर्यंत तो धोक्यात असतो. खोडव्याची मुदत संपून रान गव्हा-हरभऱ्याला मोकळे करायचे असेल तर पाचट खरोखरच आडवे येते. खंडाने कसणाऱ्याला पुढच्या पाच वर्षांच्या कर्बाशी देणेघेणे नसते. पाचटाची कुट्टी करणारी ट्रॅक्टरची यंत्रे आता बरीच दिसतात, ठिबक असेल तर पाण्याची अडचणही सुटते. तरीही यातल्या काही शेतांत आग राहील हे मान्य करूनच धोरण आखावे लागेल.

याहून गुंतागुंतीची आग तोडणीच्या आधीची आहे. उसाचे वजन घटत असते, तोड येत नाही, तोडणी मजुरांची टोळी खुशाली, म्हणजे वरचे पैसे, मागते, लोळलेल्या उसात कोयता चालत नाही, आत साप किंवा बिबट्याची भीती असते. अशा वेळी फड पेटवला जातो. जळीत उसाला कपात लागते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण जळलेला ऊस थांबवून ठेवता येत नाही, तो आधी गाळावा लागतो, म्हणून पेटवलेल्या फडाला तोडही लवकर मिळते. कपात सोसून पाळी विकत घेण्याचा हा व्यवहार आहे. त्यावर धुराचा दंड आणखी लावला तर व्यवहाराची किंमत थोडी वाढेल, कारण तसेच राहील. कारण क्रमपाळीत, म्हणजे कुणाचा ऊस कधी तोडायचा त्या क्रमात आहे, आणि क्रमपाळी कारखान्याच्या शेतकी खात्यात ठरते.

तिसरा आक्षेप विचारतो, मग कारखान्याच्या चिमणीचे काय? हा प्रश्न टाळून चालणार नाही. उसाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बगॅस (गाळपानंतरचा चोथा) धरला तर ५,००० टनांचा कारखाना रोज दीड हजार टन बगॅस जाळतो. चिमणीतून बाहेर पडणाऱ्या धुरातल्या कणांवर घनमीटरला १५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. पण कपड्यांवर पडणारी काजळी सांगते की धूर धुणारी यंत्रणा सगळीकडे सगळा वेळ नीट चालत नाही. चिमणीचा धूर रात्री झाकणाच्या वर राहतो आणि सकाळी ऊन चढून झाकण फुटले की काही काळ खाली उतरतो, हेही ध्यानात ठेवावे. तेव्हा कारखान्याने शेतकऱ्याला शिकवण्याआधी स्वतःची चिमणी साफ ठेवली पाहिजे आणि तिचे आकडे गटकार्यालयाच्या फळ्यावर लावले पाहिजेत. तेवढा विश्वास असल्याशिवाय पाचटाची गोष्ट कुणी ऐकून घेणार नाही.

बाहेरच्या दोन उदाहरणांकडे पाहण्यासारखे आहे. ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात तोडणीआधी ऊस जाळण्याची रीत सर्रास होती. अराराक्वारा आणि पिरासिकाबा या ऊसपट्ट्यातल्या शहरांत झालेल्या अभ्यासांनी जाळण्याच्या हंगामातले कण आणि श्वसनाच्या तक्रारींसाठी होणारी रुग्णालयातली धाव यांचा संबंध दाखवला. मुले आणि वृद्ध सर्वांत आधी भरडले जात होते. २००२ च्या कायद्याने यंत्रतोड शक्य असलेल्या क्षेत्रात २०२१ पर्यंत आणि इतरत्र २०३१ पर्यंत आग बंद करायचे ठरवले. २००७ मध्ये कारखान्यांशी झालेल्या कराराने या मुदती २०१४ आणि २०१७ वर आणल्या. करार करणारा पक्ष कारखाना होता, सुटा शेतकरी नव्हे. तिथे हे यंत्रतोडीने साधले आणि हजारो तोडणी मजुरांचे काम गेले, हा त्याचा दुसरा चेहरा. फ्लोरिडात उलट घडले. ओकिचोबी सरोवराकाठच्या बेल ग्लेड, पाहोकी या गरीब गावांभोवती आजही ऊस जाळला जातो. वारा पूर्वेच्या श्रीमंत किनाऱ्याकडे असेल तेव्हा जाळायला १९९० च्या दशकापासून निर्बंध आहेत. तो या गावांकडे असेल तेव्हा तसे संरक्षण नाही. धूर कधी आणि कुणावर जाईल हे नियमाने ठरवता येते, एवढे त्यातून सिद्ध होते. आपण तो नियम कुणासाठी करणार, हे ठरवायचे आहे.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. १९८१ च्या हवा कायद्यातील कलम १९ प्रमाणे हवा प्रदूषण नियंत्रण क्षेत्रात इंधन सोडून अन्य पदार्थ जाळण्यास राज्य सरकार अधिसूचनेने मनाई करू शकते. पण संध्याकाळी सातला शिवारात पेटलेल्या शंभर आगींमागे धावणारा तलाठी कुठून आणणार? पंजाब-हरियाणात एकरी दंडाची वर्षे गेली आणि आग चालूच राहिली. ऊसपट्ट्यात मात्र पंजाबात नसलेली एक व्यवस्था आहे. प्रत्येक फडाची कारखान्याकडे नोंद असते: गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख. कोणत्या दिवशी कोणती टोळी कोणत्या रानात उतरणार हे चिटबॉयला, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला ठाऊक असते. धुराचे वेळापत्रक इतक्या बारकाईने आधीच लिहिलेले दुसरे कोणते पीक मला माहीत नाही. तोड झाल्याच्या दुसऱ्या दिवशी कुट्टी यंत्र त्या बांधावर पोचवणे आणि त्याचे भाडे उसाच्या बिलातून वळते करणे हे कारखान्याला जमते, कारण बेणे, खत, पाणीपट्टी तो तशीच वळती करत आला आहे. पाचट ठेवणाऱ्या रानाला पुढच्या वर्षी क्रमपाळीत थोडे पुढे घेतले, तर कोणत्याही अनुदानापेक्षा ते शेतकऱ्याला जास्त कळेल. जिथे जाळणे टळतच नाही तिथे निदान उन्हाची वेळ, शेजारच्या बांधाला पाण्याची ओल, आणि शाळा-दवाखान्याजवळच्या गटांत पूर्ण मनाई, एवढे ठरवता येते. दुपारच्या आगीला वाऱ्याचा धोका असतो, म्हणून ती माणसे आणि पाणी हाताशी ठेवूनच लावावी लागेल. कारखान्यावर हा बोजा कशाला, असे संचालक विचारतील. रोज दीडशे एकर तोडण्याचा निर्णय ज्या कचेरीत होतो, त्या दीडशे एकरांच्या मागे उरणाऱ्या पाचटाचा विचारही तिथेच व्हावा, यात मला काही जगावेगळे दिसत नाही.

मोजणी यासोबतच सुरू व्हायला हवी, आणि ती तासातासाची हवी. लेझरवर चालणारे स्वस्त सेन्सर दमट हवेत आकडा फुगवून दाखवतात, त्यामुळे पहाटेच्या धुक्यातल्या आकड्यांवर डोळे झाकून विसंबता येत नाही. पण कोल्हापूर-सांगलीच्या पक्क्या केंद्राशेजारी महिनाभर ठेवून त्यांची चूक काढता येते. चार-पाच सेन्सर एका तालुक्याला पुरतात. ते सगळे नगरपालिकेच्या गच्चीवर जाऊ नयेत. पहिला सेन्सर ऊसतोड कामगारांच्या तळावर लागला पाहिजे. बीडहून, अहिल्यानगरहून आलेली ही माणसे हंगामभर पाचटाच्याच कोप्यांत (झोपड्यांत) राहतात. या गावात त्यांचे मत नाही, कारखान्यात शेअर नाही. दिवसभर जळीत फडातली काजळी अंगावर घ्यायची, फड जळला म्हणून विकायला वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, उरत नाहीत तो तोटा सोसायचा, आणि संध्याकाळी कोपीच्या तोंडाशी तीन दगडांची चूल मांडायची, नेमकी चारही बाजूंचे पाचट पेटते त्या वेळी. सेन्सर तिथे लावावा, जमिनीलगत, चुलीशेजारी निजवलेल्या पोराच्या नाकाच्या उंचीला.